बाथरूमची गळती: खरं काम करणारा ठेकेदार कसा पारखायचा?

तिसरा_मजला

पुण्यातली १९९४ सालची आरसीसी इमारत. तिसऱ्या मजल्यावरचं ५ × ७ फुटांचं बाथरूम, संक (बाथरूमखाली स्लॅब खोल घेऊन केलेला खड्डा, ज्यात पाईप आणि भराव असतो) १ फूट. खालच्या घरात बाथरूमच्या छताला ओल आहे आणि डक्टकडच्या, म्हणजे उभे पाईप जातात त्या पोकळीकडच्या, भिंतीचा रंग फुगलाय. तीन ठेकेदारांनी तीन आकडे दिलेत. एकाने सगळं काम उक्तं, दोन ओळींत लिहून. दुसरा म्हणतो तोडफोड नको, खालून केमिकलचं इंजेक्शन देऊ, दोन दिवसांत मोकळे. तिसऱ्याचा भाव चौरस फुटाने, वर १० वर्षांची गॅरंटी.

या तिघांची तुलना कशी करायची तेच कळत नाही. कोणाचा नंबर नकोय. काय तपासायचं, काय विचारायचं आणि काम चालू असताना कुठे उभं राहायचं, एवढं जाणकारांनी नेमकं सांगावं.

ओळंबा

ठेकेदार नंतर. आधी गळती कुठली ते ठरवा. निदान न करता भाव सांगणारा माणूस कितीही सज्जन असला तरी तो अंदाजावर तुमचं बाथरूम फोडणार.

ओल कधी वाढते याची नोंद आठ दिवस ठेवा. खालच्यांना छतावर पेन्सिलीने ओलीची कड आखायला सांगा, शेजारी तारीख. दिवसरात्र सारखी ओल असेल, बाथरूम दोन दिवस न वापरताही कमी होत नसेल, तर बहुधा दाबाची लाइन गळतेय, म्हणजे भिंतीतला नळाचा पाईप. आंघोळीनंतर तासा-दोन तासांनी वाढत असेल तर फरशीचे सांधे, नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा, पाणी धरून वास अडवणारा भाग) किंवा संकमधला सांडपाण्याचा पाईप. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत. त्या वेळी बाथरूम फोडून काहीही हाती लागत नाही.

आणि तुमच्या बाबतीत भिंत डक्टकडची आहे. आधी डक्टमध्ये उतरून बघा. ९० च्या दशकातल्या इमारतींत डक्टमध्ये बिडाचे पाईप असतात. त्यांच्या सांध्यातलं शिसं सुटतं, किंवा मागच्या बाजूने, भिंतीकडून, पाईप गंजून उभा चिरतो. समोरून धडधाकट दिसतो, पण मागे हात घातला तर ओला लागतो. असं असेल तर काम एका पाईपाचं आहे, बाथरूमचं नाही.

शिसेजॉइंट

ओळंबा यांच्याशी सहमत. चाचण्या कशा करायच्या ते लिहितो, कारण हे करायची तयारी आहे का हाच ठेकेदाराला विचारायचा पहिला प्रश्न.

दाबाची चाचणी: बाथरूमचा मुख्य कॉक बंद. गिझरच्या दोन्ही जोडण्या सोडून तिथे प्लग. सगळे अँगल कॉक बंद. एका नळाच्या जागी हातपंप आणि गेज लावायचा. पंप मारण्याआधी दुसऱ्या टोकाचा नळ उघडून लाइनमधली हवा पूर्ण काढायची. हवा राहिली तर गळती नसतानाही काटा हळूहळू खाली येतो आणि उगाच भिंत फुटते. दाब किती? नव्या सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) लाइनला ७ ते १० किलो (प्रति चौरस सेंमी). जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाइनला एवढा देऊ नका, कुजलेला आट्याचा जोड तिथेच सुटेल. टाकीपासून तुमच्या मजल्यापर्यंतची उंची मीटरमध्ये मोजा, दर १० मीटरला साधारण १ किलो. जुन्या लाइनला त्याच्या दीड-दोन पट पुरे. काटा एक तास हलला नाही तर नळाची लाइन निर्दोष. गरम आणि थंड लाइन वेगवेगळ्या तपासा.

सांडपाण्याची चाचणी: नहाणी ट्रॅपचं तोंड रबरी टेस्ट प्लगने बंद करा. तो नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत ओली माती भरून घट्ट दाबा. फरशीवर इंचभर पाणी भरा. ३५ चौरस फुटांना साधारण ८० लिटर लागतं. त्यात खायचा रंग घाला. २४ तासांत खाली रंगीत ओल दिसली तर गळती फरशीच्या सांध्यांतून. दिसली नाही तर प्लग काढून तेच पाणी एकदम सोडा. आता ओल वाढली तर ट्रॅप किंवा त्यापुढचा पाईप. ट्रॅपच्या सांध्यातून निघालेलं पाणी संकच्या भरावात मुरत खाली पोचतं, त्याला कधी दोन-तीन दिवस लागतात, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

डक्टमधून बघताना संकच्या तळातून बाहेर आलेला एखादा बारीक पाईप दिसतो का तेही बघा. संकमध्ये साचलेलं पाणी बाहेर काढायला तो ठेवतात. त्यातून थेंब पडत असतील तर संकमध्ये पाणी आहे, हे फोडण्याआधीच कळलं.

काठावरची_टाइल

चाचणीत दोष फक्त फरशीच्या सांध्यांत निघाला तर सगळं उकरायची गरज नाही. जुना भराव सांध्यांतून किमान ३ मिमी खोल काढायचा, बाथरूम दोन दिवस कोरडं ठेवायचं आणि एपॉक्सी ग्राउट (फटी भरायचा, पाणी न शोषणारा माल) भरायचं. एका दिवसाचं काम. हे स्वतःहून सुचवणारा ठेकेदार मिळाला तर त्याला सोडू नका, कारण मोठं काम मिळत असताना त्याने लहान काम सांगितलंय.

टाइलवर टाइल हा प्रकारही याच प्रसंगी चालतो. पण फरशी १२ ते १५ मिमी वर येते. बाहेरच्या खोलीपेक्षा बाथरूम वर गेलं तर पाणी उलटं बाहेर येणार. आधी उंबऱ्यापाशी पट्टी लावून मोजा.

थापीरंधा

या धंद्याच्या बाजूने लिहितो. तीन भावांची तुलना होत नाही, कारण तिघांनी तीन वेगळ्या कामांचे भाव दिलेत. यादी तुम्ही करा, तिघांना तीच द्या, प्रत्येक ओळीपुढे भाव मागा. या बाथरूमसाठी यादी अशी होईल:

जुन्या टाइल्स आणि भराव स्लॅबपर्यंत काढणं, चौरस फूट आणि खोली लिहून. राडारोडा खाली उतरवून महापालिकेने नेमलेल्या जागी नेणं, घनफुटांत. पाण्याची लाइन सीपीव्हीसी, रनिंग फुटात, किती पॉइंट ते मोजून. सांडपाण्याची लाइन, ट्रॅपसह. वाटा मारणं (स्लॅब-भिंतीचा कोपरा गोलसर भरणं) आणि पाईपाभोवती ग्राउट. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मालाचं पूर्ण नाव आणि किलो. पाणी भरून चाचणी, किती तास. कोबा (टाइल्सखालचा सिमेंटचा थर), जाडी लिहून. भिंतीचा गिलावा. टाइल्स बसवणं, भिंत वेगळी, फरशी वेगळी. ग्राउट कुठला. फिटिंग बसवणं.

जो ठेकेदार या यादीत स्वतःहून भर घालतो, म्हणजे 'साहेब, गिझरचा पॉइंट सरकवायचा का, उंबऱ्याचा दगड राहिला' असं विचारतो, त्याने जागा नीट पाहिली आहे. 'सगळं आलं त्यात' म्हणणाऱ्याकडून नंतर सगळंच एक्स्ट्रा येतं.

राडारोड्याचा हिशोब लक्षात घ्या, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. ३५ चौरस फूट आणि १ फूट संक म्हणजे ३५ घनफूट घट्ट भराव. फोडल्यावर फुगतो, टाइल्स आणि गिलावा धरून ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत ५० गोण्या. तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला दोन बिगाऱ्यांचा एक पूर्ण दिवस. भावात ही ओळ नसेल तर काम सुरू झाल्यावर तिचा आकडा तुम्हाला मान्य करावाच लागतो, गोण्या तुमच्या हॉलमध्ये पडलेल्या असतात.

ओळंबा

गोण्यांवरून आठवलं, त्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात रचू देऊ नका. एक गोणी ३५ किलो धरली तरी ५० गोण्या म्हणजे पावणेदोन टन. राहत्या घराचा स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर वापराच्या भाराला धरलेला असतो. तीन चौरस मीटरच्या कोपऱ्यात एवढं वजन आलं तर तो भार तिप्पट झाला. इमारत तीस वर्षांची आहे. रोजची रोज खाली न्यायची, हे लेखी घ्या.

आणि एक चोरी अगदी सर्रास होते, तिच्याकडे बघा: निघालेलाच भराव परत संकमध्ये भरणं. ठेकेदाराची वाहतूक वाचते, विटांचे पैसे वाचतात. पण त्या भरावात वर्षानुवर्षांचं साबणाचं पाणी आणि क्षार मुरलेले असतात, तो कधी पूर्ण सुकत नाही आणि नव्या भिंतीला लोणा लागतो. भराव नवा हवा. वजन कमी करायचं असेल तर विटांऐवजी हलक्या एएसी ब्लॉकचे तुकडे चालतात, पण त्यांच्या खालचं आणि वरचं दोन्ही वॉटरप्रूफिंग चोख हवं, कारण ते पाणी पितात.

तिसरा_मजला

खूप उपयोगी. डक्ट पाहिली. बिडाचा पाईप बाहेरून कोरडा आहे, मागून हात जात नाही. नहाणीची चाचणी केली: पाणी भरलं तेव्हा काही नाही, सोडल्यावर दुसऱ्या दिवशी खालची कड चार बोटं सरकली. दाबाच्या चाचणीत काटा स्थिर.

म्हणजे ट्रॅप किंवा संकमधला पाईप, बरोबर? मग इंजेक्शनवाला बाद का?

शिसेजॉइंट

बरोबर. आणि हो, या कामाला इंजेक्शन बाद. खालून नोझल मारून स्लॅबची भोकं बुजवली तरी वर पाईप गळतोच आहे. संकमध्ये पाणी साचत राहणार, सळई त्यात भिजत राहणार, आणि वर्षभरात पाणी बीमच्या कडेने दुसरी वाट शोधणार. स्लॅबच्या काँक्रीटमध्येच पोकळी राहिली असेल तिथे इंजेक्शन उपयोगाचं आहे, तेही वरचं पाणी बंद केल्यावर.

बिडाच्या पाईपाची मागची बाजू हाताने नाही, काठीला बांधलेल्या आरशाने आणि टॉर्चने बघा. नवीन लाइन त्याच्या टी मध्ये (तीन तोंडांच्या जोडात) जोडायची आहे, टी कुजका असेल तर आत्ताच बदला.

सामानाबद्दल. सांडपाण्याला एसडब्ल्यूआर पाईप घेताना आयएस १३५९२ आणि 'टाइप बी' छापलेलं बघा. टाइप ए पातळ असतो, तो पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाईपाला. दिसायला सारखे, भावात फरक, म्हणून बदली इथेच होते. पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसी, आयएस १५७७८, गरम पाण्याला एसडीआर ११ (पाईपाच्या जाडीचा वर्ग). पाईपावर छापलेला सीएम/एल क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना खरा आहे का ते कळतं. फिटिंगही पाईपाच्याच कंपनीचं घ्या. पाईप चांगला आणि एल्बो स्वस्तातला, ही जोडी सर्वांत जास्त फसवते.

फेजन्यूट्रल

ब्रेकर मशीन चालवण्याआधी बाथरूमच्या भिंतीतली वायर कुठून गेली आहे ते बघा आणि त्या सर्किटचा एमसीबी पाडा. मशीन ३० मिलिअँपच्या आरसीसीबीमागच्या (शॉक बसण्याआधी वीज तोडणाऱ्या स्विचमागच्या) सॉकेटवरच लावायचं, ओल्या जागेत काम आहे. २ किलोवॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो, त्याला २.५ चौ. मिमी तांब्याची वायर पुरते. ३ किलोवॉटचा असेल तर ४ चौ. मिमी घाला. भिंत उघडी असतानाच बदला.

थापीरंधा

माल कोणी आणायचा, यावर माझं मत सांगतो. टाइल्स, नळ, पाईप, फिटिंग मालकाने आणावं. वॉटरप्रूफिंगचा माल ठेकेदाराने आणावा, पण बंद पिशव्या मालकासमोर फोडाव्या. कारण माल मालकाचा आणि हात ठेकेदाराचा असला की गळती निघाल्यावर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

काठावरची_टाइल

याला थोडा विरोध. बिल मालकाच्या नावावर हवंच, माल कोणीही उचलला तरी. ठेकेदाराने दुकान सुचवावं, पैसे मालकाने थेट दुकानात द्यावे. मधली दलाली उघड होते. ठेकेदाराला देखरेखीचा मोबदला म्हणून ठरावीक टक्के द्यायचे असतील तर ते कोटेशनमध्ये लिहून द्या. तो त्याच्या कामाचा हक्काचा पैसा आहे.

थापीरंधा

मान्य. टक्के लिहून मिळत असतील तर बहुतेक ठेकेदारांना तेच सोयीचं आहे, पदरचे पैसे मालात अडकत नाहीत.

ओळंबा

आता सर्वांत महत्त्वाचं, काम चालू असताना. या कामातलं जे काही महत्त्वाचं आहे ते शेवटी झाकलं जातं. म्हणून 'मी बघितल्याशिवाय पुढचा थर घालायचा नाही' असे थांबे करारातच लिहा. या कामात पाच.

पहिला थांबा, स्लॅब उघडा झाल्यावर. झाडून, धुऊन, सुकवून बघा. सळई दिसतेय का, काँक्रीट हातोडीने पोकळ वाजतंय का. सळई गंजली असेल तर सैल काँक्रीट काढून, तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरायचं. हे काम मूळ यादीत नसतं, त्याचा दर आधीच चौरस फुटात ठरवून ठेवा. स्लॅब उघडा पडल्यावर दर विचारलात तर घासाघीस होत नाही.

दुसरा, पाईप बसल्यावर आणि झाकण्याआधी. नव्या सीपीव्हीसीचे सांधे चिकटवून २४ तास झाल्यावर दाबाची चाचणी. सांडपाण्याच्या पाईपाला डक्टकडे प्लग लावून ट्रॅपपर्यंत पाणी भरायचं, तासभर पातळी उतरायला नको. मोबाइलवर फोटो काढा, फोटोत मोजपट्टी धरून. पुढे भिंतीत ड्रिल मारायचं असेल तेव्हा हेच फोटो लागतात.

तिसरा, वाटा आणि ग्राउट. स्लॅब आणि भिंत मिळतात तिथे काटकोन ठेवायचा नाही, २ इंचांचा गोलसर वाटा. पाईप डक्टकडे भिंतीतून बाहेर पडतो त्या भोकात सिमेंट थापून चालत नाही. सिमेंट सुकताना आकसतं आणि पाईपाभोवती केसाएवढी फट राहते. तिथे नॉन-श्रिंक ग्राउट. संकमधली बहुतेक गळती याच भोकाने भिंतीत जाते, आणि तुमच्या खालच्या भिंतीचा रंग फुगायचं कारण बहुधा हेच निघेल.

चौथा, दोन हात झाल्यावर पाणी भरणं. पाचवा, कोब्यावर पुन्हा पाणी भरणं.

पाणी किती भरायचं आणि कसं बघायचं: माल सुकायची पिशवीवर दिलेली मुदत पूर्ण होऊ द्या, बहुतेक मालांत ती ३ ते ७ दिवस असते. मग २ ते ३ इंच पाणी, ४८ तास, जमलं तर ७२. भिंतीवर पेन्सिलीने पातळी आखा. शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यातही रेघ मारा. उन्हाळ्यात दोन दिवसांत वाफेने पातळी थोडी उतरतेच. बादलीतली आणि संकमधली घट सारखी असेल तर गळती नाही.

काठावरची_टाइल

मालाचं गणित मी मांडतो. संकचा तळ ३५ चौ. फूट. चार भिंतींची लांबी २४ फूट, संकची १ फूट उंची आणि फरशीच्या वर १ फूट, म्हणजे ४८. शॉवरच्या कोपऱ्यात दोन भिंती तीन-तीन फूट रुंद आणि उंची ६ फुटांपर्यंत न्यायची, म्हणजे वरचे ५ फूट: आणखी ३०. एकूण ११३ चौ. फूट. पिशवीवर दोन हातांसाठी किलोला ८ चौ. फूट लिहिलं असेल तर १४ किलो लागणार. ५ किलोचा एकच डबा आला असेल तर एक तर एकच हात होणार किंवा त्यात पाणी घालून पातळ करणार.

दोन भागांचा माल असतो, पावडर आणि द्रव, पूर्ण पिशवीला पूर्ण डबा. अंदाजाने अर्धा-अर्धा मिसळायचा नाही. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने मारायचा. पहिला राखाडी आणि दुसरा पांढरा असा माल घेतला तर दोन हात झाले की नाही हे डोळ्यांना दिसतं. वाट्यावर पहिल्या हातातच फायबर जाळी दाबायची.

कोब्यात आणि मॉर्टरमध्ये घालायचं द्रव वेगळं. त्याचं सर्वसाधारण प्रमाण सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला २०० मिली. मोजून घालायचं. कामगार बाटली उपडी करताना दिसला तर थांबवा, जास्त घातल्याने जास्त पाणी अडत नाही.

थापीरंधा

वेळापत्रक विचारा, त्यावरूनही कळतं. तोडणं २ दिवस, पाईप आणि चाचणी २, वाटा-ग्राउट १, दोन हात १, सुकणं किमान ३, पाणी २ ते ३, कोबा १ आणि त्यावर पाणी ३ ते ४, टाइल्स २, ग्राउट आणि फिटिंग २. १९ ते २१ दिवस होतात. 'आठ दिवसांत देतो' म्हणणारा यातला कुठला तरी थांबा गाळणार, आणि तो नेहमी पाणी भरण्याचाच असतो.

कामगार तीन आठवडे सलग तुमच्याकडे राहणार नाहीत, सुकायच्या दिवसांत ते दुसऱ्या साइटवर जाणार. त्याला ठेकेदाराची फसवणूक समजू नका. कुठल्या दिवशी कोण येणार ते आधी लिहून घ्या म्हणजे झालं.

उपविधी

सोसायटीची बाजू राहिली. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, पावसाच्या पाण्याची गळती आणि सामाईक पाईप व ड्रेनेजमुळे होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने. सदनिकेच्या आतल्या बाथरूमची गळती सभासदाच्या खर्चाने. तुमच्या कामात दोन्ही आहे: आतला ट्रॅप तुमचा, पण डक्टमधला उभा बिडाचा पाईप संस्थेचा. तो टी बदलायचा असेल तर काम सुरू होण्याआधी समितीला पत्र द्या, फोटो जोडा.

उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीला दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलं आहे. १९९४ ची इमारत आता दुसऱ्या गटात आली. अहवाल झाला असेल तर मागून घ्या, त्यात तुमच्या विंगच्या टॉयलेट स्लॅबबद्दल काही लिहिलं आहे का बघा.

खालच्या घरातल्या छताचे फोटो काम सुरू होण्याआधी, दोन्ही घरांच्या सह्यांनिशी.

करार साध्या भाषेत, यादी जोडून, दोघांच्या सह्या. पैसे बँकेतून. बिघाड झाला आणि ठेकेदार येत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार ऑनलाइन ई-जागृतीवर, त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण हातात यादी, बिल आणि फोटो नसतील तर आयोगापुढे दाखवणार काय?

जीएसटी घेत असेल तर बिलावरचा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासा. नोंदणी नसलेल्या ठेकेदाराला कर लावता येत नाही. लहान ठेकेदाराची नोंदणी नसणं हा गुन्हा नाही, सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सक्ती नाही.

तिसरा_मजला

आता दोनच प्रश्न. पैसे कोणत्या टप्प्याने द्यायचे? आणि जुनी कामं बघायला गेलो तर नेमकं काय बघायचं?

थापीरंधा

माल तुमच्या नावावर थेट दुकानातून येणार असेल तर मजुरीचे टप्पे असे ठेवा: उचल १० टक्के. तोडून, राडारोडा हलवून, पाईपाची चाचणी झाली की २०. वॉटरप्रूफिंगची पाण्याची चाचणी झाली की २५. टाइल्स बसल्यावर ३०. फिटिंग आणि साफसफाईनंतर १०. शेवटचे ५ टक्के एक पावसाळा संपल्यावर. निम्मे पैसे आधी मागणाऱ्याला टाळा. पण टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे द्या, शनिवारी त्याला मजुरांचा आठवडा चुकवायचा असतो. मालकाने टप्पा अडवला की ठेकेदार चांगला गवंडी दुसऱ्या साइटवर हलवतो आणि तुमच्याकडे नवखा येतो.

ओळंबा

जुनी कामं: गेल्या महिन्यातलं काम बघू नका, ते सगळ्यांचं चांगलं दिसतं. दोन पावसाळे गेलेली दोन कामं मागा, आणि त्या घरात नाही, त्या घराच्या खालच्या घरात जाऊन छत बघा. मग वर जा. मग्गाभर पाणी नहाणीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ओता. मिनिटभरात निघून गेलं पाहिजे, कुठे थबकलं तर उतार चुकला. ८० ला १ उतार म्हणजे ७ फुटांत साधारण १ इंच. टाइल्सवर नाणं वाजवा, विशेषतः कोपऱ्यांवर. पोकळ आवाज येत असेल तर मागे माल भरलेला नाही. कमोडमागची आणि दारामागची टाइल बघा, कारागीर घाईत असला की तिथे दिसतं.

त्या मालकाला 'काम चांगलं झालं का' असं विचारू नका. विचारा: एक्स्ट्रा किती झालं आणि कशाचं? पाण्याची चाचणी किती तास केली? काम झाल्यावर काही बोलावणं केलं तर कितव्या दिवशी आला?

गॅरंटीबद्दल: १० वर्षं कोणाची, मालाच्या कंपनीची की ठेकेदाराची? कंपनीची असेल तर साइटची नोंदणी कंपनीकडे झाल्याचा कागद हवा. आणि गळती निघाली तर फक्त माल फुकट मिळणार, की तोडणं, नवीन टाइल्स, मजुरी हेही त्यात आहे? बहुतेक वेळा फक्त माल, आणि सगळ्या खर्चात तो सर्वांत लहान भाग. ठेकेदाराने दोन वर्षांची का होईना, पण तोडफोडीसह लेखी दिली तर ती मला जास्त मोलाची वाटते.

काठावरची_टाइल

टाइल्सची दोन खोकी जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवा. खोक्यावरचा शेड क्रमांक आणि बॅच एकच आहे ना ते घेतानाच बघा. पुढे ट्रॅपपाशी दोन टाइल्स काढाव्या लागल्या तर त्या शेडची टाइल बाजारात मिळत नाही.

तिसरा_मजला

तिघांना यादी पाठवली. इंजेक्शनवाल्याने नकार दिला. उक्तं सांगणाऱ्याने ओळीनिहाय भाव दिले, पाच थांबे मान्य केले, वर 'संकचा निचरा पाईप ठेवू का' असं विचारलं. तो ठेवावा का? आणि खालच्यांच्या छताचा रंग मी करून देणार आहे, तो लगेच केला तर चालेल?

शिसेजॉइंट

निचरा पाईप ठेवा. संकच्या तळाशी, उताराच्या शेवटी, १ इंची, आतल्या तोंडाला जाळी आणि भोवती खडी. बाहेरचं टोक डक्टमध्ये मोकळं सोडायचं, सांडपाण्याच्या पाईपात जोडायचं नाही. जोडला तर गळती दिसणार नाही आणि उलटी दुर्गंधी येईल. तो भिंतीतून जातो तिथेही नॉन-श्रिंक ग्राउट आणि वॉटरप्रूफिंग पाईपावर चढवून घ्यायचं.

काठावरची_टाइल

रंग लगेच नको. फुगलेला रंग आणि पुट्टी आत्ताच खरवडून छत उघडं करा म्हणजे सुकायला लागेल. काम संपल्यावर ४ ते ६ आठवडे थांबा, पावसाळा असेल तर जास्त. मग दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून छताला चिकटवा, २४ तासांनी काढा. आतल्या बाजूला दव दिसलं किंवा छत गडद दिसलं तर आणखी पंधरा दिवस. कोरडं असेल तर क्षारांची पांढरी पूड ब्रशने झाडा, पाण्याने पुसू नका, मग प्रायमर.